थुंब्यासाठी हाउसबोट सोडायची का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं. दिवाळीच्या वेकेशनमध्ये घरातले पाच जण केरळला निघालेत : त्या स्वतः, यजमान, 16 वर्षांची मुलगी, 11 वर्षांचा मुलगा आणि 72 वर्षांच्या सासूबाई. बेत आठ दिवसांचा आहे. मुन्नार, ठेक्कडी, आलेप्पीला हाउसबोटीत एक रात्र, शेवटी तिरुवनंतपुरमला दोन मुक्काम आणि तिथूनच कन्याकुमारी. मुलगा चांद्रयान-3 चंद्रावर उतरल्यापासून रॉकेटवेडा झालाय. यजमानांनी आता काढलंय की तिरुवनंतपुरमला थुंब्याचं इस्रोचं अवकाश केंद्र बघायला पूर्ण एक दिवस काढू, त्यासाठी हाउसबोट सोडू, आणि जमलं तर परतताना चेन्नईवरून श्रीहरिकोटाही करू. "पोराचं आयुष्य घडेल," असं त्यांचं म्हणणं. मुलगी हाउसबोटीसाठी हटून बसलीय. सासूबाईंना पद्मनाभस्वामी आणि कन्याकुमारी हवी. त्यात पुण्याच्या जाऊबाईंनी मुलांना विज्ञान केंद्र दाखवल्याचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकलेत. "नाही नेलं तर मुलाचं नुकसान केल्यासारखं वाटेल, आणि नेलं तर बाकीच्यांची सुट्टी मी वाया घालवली असं होईल. काय करू?"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली. यजमान काय म्हणतात, मुलगी काय म्हणते, सासूबाईंना काय हवंय, जाऊबाईंनी काय टाकलं, सगळं त्यात आहे. ज्याच्यापायी हा घोळ चाललाय त्या मुलाच्या तोंडचं मात्र एक वाक्य नाही. तो रॉकेटवेडा आहे असं तुम्ही लिहिता. पण "मला तिथे जायचंय" असं तो म्हणाला का? आणि म्हणाला असेल, तर त्याला तिथे नेमकं काय बघायचंय?

हे आज संध्याकाळीच विचारून टाका. कारण त्याच्या डोक्यातलं अवकाश केंद्र बहुतेक श्रीहरिकोट्याचं असणार : उलटी गणती, ज्वाळा, धुराचा लोट. तिरुवनंतपुरमला आहे ते विक्रम साराभाई अवकाश केंद्र. रॉकेटांची आखणी-घडण करणारं ते इस्रोचं मुख्य केंद्र आहे खरं, पण तिथल्या प्रयोगशाळांतून तुम्हाआम्हाला कोणी फिरवत नाही, आणि फिरवूही नये. पाहुण्यांसाठी असतं ते थुंब्याचं अवकाश संग्रहालय. ते आहे एका जुन्या चर्चच्या इमारतीत. रॉकेटांच्या आणि उपग्रहांच्या प्रतिकृती, जुने फोटो, माहितीचे फलक. अगदी रमतगमत पाहिलं तरी दीड-दोन तासांचं काम. रॉकेट उडताना दिसेल या आशेने गेलेलं पोर तिथे अर्ध्या तासात "झालं?" म्हणून विचारेल. मग यजमान चिडतील, कारण हाउसबोट त्यांच्या शब्दावर सोडलेली असेल, आणि मुलगी तर परतीच्या गाडीत चढेपर्यंत कोणाशी बोलणार नाही.

तेव्हा पूर्ण दिवस लागतो हे तुम्ही जे धरून चाललाय, तेच आधी सोडा. तुमचे तिरुवनंतपुरमला दोन मुक्काम आहेतच. थुंबा शहराच्या कडेलाच आहे, विमानतळापासून जवळ, समुद्राकाठी. पद्मनाभस्वामीचं मंदिर दुपारी बंद असतं, पुन्हा संध्याकाळी उघडतं. सकाळी लवकर दर्शन आणि नाश्ता, मग थुंबा, आणि जेवणाच्या वेळेला परत. दुसरा दिवस कन्याकुमारीचा. ती तिथून नव्वदेक किलोमीटरवर आहे, त्यामुळे तो दिवस दुसऱ्या कशाने कुरतडू नका. हाउसबोटीला हात लावायची गरज कुठे पडली?

(एक सांगून ठेवते. पद्मनाभस्वामीला पुरुषांनी मुंडू, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, नेसून, वर उघडं जावं लागतं. दर्शनानंतर हॉटेलवर कपडे बदलायला अर्धा तास धरा. नाहीतर थुंब्याचे सगळे फोटो मुंडूतले येतील आणि जाऊबाईंच्या ग्रुपवर ते टाकणं यजमान कधीच होऊ देणार नाहीत.)

आता यजमानांविषयी. "पोराचं आयुष्य घडेल" हे बाप जेव्हा म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याचं स्वतःचं काहीतरी राहून गेलेलं असतं. शाळेत असताना त्यानेही कधी वहीच्या मागच्या पानावर रॉकेट काढलेलं असेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. चाळिशी-पंचेचाळिशीच्या माणसालाही सुट्टीत एक गोष्ट मागायचा हक्क आहे. फक्त ती त्याने स्वतःच्या नावावर मागावी. मुलाच्या नावावर मागितली की त्या बिचाऱ्याला तिथे खूश दिसावं लागतं. तुम्हीच विचारून बघा, "अहो, तुम्हाला जायचंय ना?" हो म्हणाले तर अर्धं भांडण तिथेच मिटेल. मग बापलेक दोघंच गेले आणि तुम्ही तिघी चालाई बाजारात फिरलात तरी कोणाचं काही बिघडत नाही. सगळ्यांनी सगळं एकत्रच बघायचं हा नियम आपल्या सहलींवर कोणी लादला कोण जाणे.

मुलाचं मन कशावर बसेल हे आपल्याला आधी कळत नाही, हेही खरं. माझ्या भाच्याला मी लहानपणी कमाटीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा दाखवायला नेलं होतं. मी मोठ्या उत्साहाने सांगत होते, केवढा मासा, कुठला समुद्र. तो खाली वाकून एकाच जागी बघत बसला. म्हटलं काय रे? तर म्हणाला, "मावशी, ही हाडं तारेने बांधलीत की स्क्रूने?" पाऊण तास आम्ही मणक्यांमधले जोड बघत होतो. देवमासा राहिला बाजूला.

म्हणून माझं ऐकाल तर केरळच्या आधी एक रंगीत तालीम करा. विक्रम साराभाई जन्मले अहमदाबादला, 1919 साली. त्यांनी 1947 मध्ये भौतिकी संशोधन प्रयोगशाळा काढली तीही अहमदाबादलाच. इस्रोचं अवकाश उपयोग केंद्र तिथेच जोधपूर टेकरा भागात आहे आणि शेजारच्या वस्तीला लोक सर्रास सॅटेलाइट म्हणतात. त्या केंद्रात विक्रम साराभाईंच्या नावाचं अवकाश प्रदर्शन आहे. बडोद्याहून शंभरेक किलोमीटर. सकाळच्या गाडीने निघालात तर रात्री जेवायला घरी. आपण बडोदेकर सॅटेलाइटमधल्या पाहुण्यांकडे लग्नाला, बारशाला, साखरपुड्याला शंभरदा जातो, पण त्या भागाला हे नाव कशामुळे पडलं ते बघायला जात नाही. प्रदर्शन कुठल्या वारी उघडं, किती वाजता, हे इस्रोच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून किंवा फोन करून मगच निघा.

तिथे मुलाच्या मागे मागे फिरा. त्याला माहिती वाचून दाखवू नका. तो कशापाशी थांबतो, घरी आल्यावर काय विचारतो, एवढंच बघा. दुसऱ्या दिवशी विसरला, तर थुंब्याचा अर्धा दिवस यजमानांचा समजा. आठवडाभर तेच घोकत राहिला, तर थुंबा आपसूक ठरला. दोन्हींत खर्च काय, चार तिकिटं आणि येताना स्टेशनबाहेरची शेव-उसळ.

श्रीहरिकोट्याचं मात्र मी स्पष्टच सांगते : या सहलीत नको. तिथे प्रक्षेपण बघायला सर्वसामान्यांसाठी मोठी गॅलरी आहे, 2019 पासून. आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. जवळचं रेल्वे स्टेशन सुल्लुरपेटा. तिथून बेटावर जाणारा रस्ता पुलिकत सरोवरातून जातो. सगळं छान आहे. अडचण अशी की प्रक्षेपणाची नक्की तारीख हातात येते ती बहुधा थोडे दिवस आधी, आणि रेल्वेचं आरक्षण आपण करतो 60 दिवस आधी. तारीख ठरली तरी रॉकेट उडेलच असं नाही. चांद्रयान-2 चं उड्डाण 15 जुलै 2019 च्या पहाटे 2 वाजून 51 मिनिटांनी व्हायचं होतं. लोक रात्रभर जागून बसलेले, आणि 56 मिनिटं उरली असताना गणती थांबवली. तांत्रिक दोष सापडला होता. यान गेलं 22 जुलैला दुपारी. मधल्या सात दिवसांत परतीचं तिकीट असलेल्या माणसाने काय करायचं? उड्डाण थांबवणं हा शहाणपणाचा निर्णय होता, पण आठ दिवसांच्या सुट्टीत, 72 वर्षांच्या बाईला बरोबर घेऊन, असला जुगार खेळू नये. मुलगा थोडा मोठा झाला की बापलेकांनी चेन्नईला तीन-चार दिवस हाताशी ठेवून खास तेवढ्यासाठीच जावं. आणि उड्डाण हुकलं तर समुद्र बघून परत यावं.

आता सासूबाई. पत्रात तुम्ही त्यांना "कंटाळतील" या रकान्यात टाकून मोकळ्या झालात. मला तर वाटतं पाचांत त्यांनाच थुंबा सगळ्यात जास्त आवडेल, फक्त त्यांना "अवकाश केंद्र" म्हणून सांगू नका. गोष्ट सांगा. 1960 च्या सुमारास थुंबा हे कोळ्यांचं गाव. नारळ, वाळू, मासेमारीच्या होड्या आणि सेंट मेरी मॅग्डलिनचं चर्च. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे लोंबती चुंबकसुई जिथे आडवी राहते ती रेषा, तेव्हा तिथून अगदी जवळून जात होतं. या पट्ट्यात साधारण 100 ते 110 किलोमीटर उंचीवर विजेचा एक प्रवाह वाहतो. शास्त्रज्ञांना तो अभ्यासायचा होता. एवढ्या उंचीवर फुगा पोचत नाही, आणि उपग्रह एवढ्या खाली टिकत नाही. लहान रॉकेट सोडलं तरच तिथलं काही कळायचं. म्हणून ही जागा. ती निवडण्यात साराभाईंबरोबर आपले एकनाथ चिटणीस होते, कोल्हापुरात जन्मलेले.

पण जागा होती गावाची, आणि मधोमध देऊळ. म्हणजे चर्च, पण सासूबाईंना देऊळच म्हणा. त्या वेळचे बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी ते द्यायला मान्यता दिली. कोळ्यांची घरं दुसरीकडे वसवली, त्यांच्यासाठी नवं चर्च बांधलं. जुन्या चर्चमध्ये कचेरी आणि कार्यशाळा थाटली. 21 नोव्हेंबर 1963 च्या संध्याकाळी तिथून पहिलं रॉकेट उडालं. नायके-अपाचे त्याचं नाव, अमेरिकेकडून आलेलं. त्याने वर सोडियमची वाफ सोडली आणि सूर्य मावळल्यावर आकाशात नारिंगी ढग चमकला. रॉकेटाचं नाकाड सायकलच्या कॅरिअरवर ठेवून नेतानाचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल, तो याच थुंब्याचा. पुढे आपले वसंत गोवारीकर तिथे घन इंधनावर काम करायला गेले आणि त्या केंद्राचे संचालक झाले. ज्यांनी देवाचं घर रॉकेटासाठी दिलं त्या माणसांची ही गोष्ट सासूबाईंनी एकदा ऐकली, की पद्मनाभस्वामीइतक्याच श्रद्धेने त्या तिथे चपला काढायला निघतील. काढू द्या.

बैलगाडीचा फोटो मुलासाठी राखून ठेवा. 1981 साली इस्रोच्या ॲपल नावाच्या उपग्रहाची चाचणी घेताना त्याच्याभोवती धातू नको होता, म्हणून तो लाकडी बैलगाडीवर ठेवून मोकळ्या मैदानात नेला. लोक तो फोटो गरिबीचा म्हणून फिरवतात. खरं तर तेवढ्या कामाला बैलगाडीइतकं योग्य वाहन नव्हतं. तुमचा मुलगा खरा रॉकेटवेडा असेल तर हे कारण ऐकून त्याचे डोळे लकाकतील.

आणि एक घरगुती प्रयोग, जमला तर. शिवणाची सुई मधोमध दोऱ्याने अशी बांधा की ती आडवी, सरळ लोंबेल. गाठीवर मेणाचा थेंब टाका, सरकायला नको. मग लोहचुंबकावर एकाच दिशेने वीस-पंचवीस वेळा घासा आणि पुन्हा लोंबू द्या. बडोद्यात तिचं उत्तरेकडचं टोक खाली झुकेल. तीच सुई डबीत घालून केरळला न्या. तिरुवनंतपुरमच्या हॉटेलात पंखा बंद करून लोंबवली तर ती जवळजवळ आडवी राहायला हवी. चुंबकीय विषुववृत्त म्हणजे काय, हे मग फलकावर वाचावं लागत नाही. सुई हातसामानातून नको, विमानाने जात असाल तर मोठ्या बॅगेत टाका.

जाण्याआधीची तयारी सांगते. तुमच्यासारखी आणखी चार पत्रं माझ्याकडे पडून आहेत, त्यांनीही हे वाचावं. संग्रहालय उघडं आहे का हे निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचाराच. केंद्र सरकारचं कार्यालय आहे, दिवाळीची सुट्टी तिथेही असते, आणि तुम्ही नेमक्या त्याच आठवड्यात तिथे असाल. आम्ही एकदा परगावी पोरांना एक संग्रहालय दाखवायला दोन रिक्षा करून भर उन्हात गेलो, तर दाराला कुलूप आणि वर पाटी, 'देखभालीसाठी बंद'. पोरांना त्या सहलीतलं आजही तेवढंच आठवतं. मुलांसकट प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. मोबाइल-कॅमेरा बाहेर ठेवायला लावला तर वाद घालू नका, सुरक्षेची जागा आहे. कोणाचा अमेरिकेतला पुतण्या बरोबर येणार असेल आणि त्याचा पासपोर्ट परदेशी असेल, तर त्याच्यासाठी आधीच वेगळं विचारून घ्या, दारावर जाऊन हिरमुसण्यापेक्षा बरं. गाडीवाल्याला नुसतं 'इस्रो' सांगू नका. केंद्राचा पसारा मोठा आहे, तो कुठल्याही दारापाशी उतरवून देईल. 'थुंबा, स्पेस म्युझियम' असं सांगा. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केरळात परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडत येतो, त्यामुळे समुद्रकिनारा सकाळी आणि छताखालची ठिकाणं दुपारी असा क्रम लागला तर बरा. संग्रहालयाची वेळ विचारताना हेही डोक्यात असू द्या.

जाऊबाईंच्या फोटोंबद्दल मी काही म्हणणार नाही. तिथे कोण किती वेळ रडत होतं ते फोटोत येत नसतं, एवढंच.

मुलाला यातूनही पुरेसं झालं नाही, तर घाई नको. इस्रो नववीतल्या मुलांसाठी युविका नावाचा उन्हाळी कार्यक्रम घेते, 2019 पासून. दोन आठवडे तिथेच राहून शिकायचं. तुमचा मुलगा आत्ता सहावीत असावा, म्हणजे तीन वर्षं हाताशी आहेत. आणि दरवर्षी 23 ऑगस्टला, चांद्रयान-3 उतरलं त्या तारखेला, राष्ट्रीय अवकाश दिन असतो. त्या सुमारास अहमदाबादला काही ठेवलंय का यावर लक्ष ठेवा.

राहिली तुमची मुलगी. तिला थुंब्याला ओढून नेऊ नका, पण तिच्या हाती एक काम द्या : सायकलवरचं नाकाड, बैलगाडी आणि चर्च या तीन फोटोंची गोष्ट तिने आजीला मराठीत सांगायची. 16 वर्षांच्या मुलीला भावासाठी काही करायला सांगितलं की ती तोंड वेंगाडते, आजीसाठी सहसा नाही. आणि त्या बदल्यात हाउसबोट तिची, हे आजच सगळ्यांसमोर जाहीर करून टाका. बुकिंगही आजच करा. दिवाळीच्या आठवड्यात अर्धं गुजरात आलेप्पीलाच असतं.